पाऊस आला की डिश जाते: एलएनबी, सिग्नल क्वालिटी आणि गंजलेला कनेक्टर

पावसाला जोर चढला की चित्र अडकायला लागतं, पडद्यावर चौकटी-चौकटी होतात, आवाज तुटतो आणि मग सिग्नल नसल्याचा संदेश येतो. मेकॅनिक येतो, छत्री (म्हणजे डिश) जरा हलवतो, चित्र येतं, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेच. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे इतकं अंगवळणी पडलंय की लोक "पाऊस आहे, डिश जाणारच" म्हणून सोडून देतात. त्यातलं थोडं खरं आहे. पण बऱ्याच घरांत बिघाड उन्हाळ्यातच झालेला असतो, पाऊस तो फक्त उघडा पाडतो.

हे सगळं डीटीएचबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या गच्चीवर किंवा खिडकीबाहेर स्वतःची छत्री आहे त्यांच्यासाठी. कंपनी कुठलीही असो, किंवा दूरदर्शनची फ्री डिश असो, यंत्रणा तीच. ज्यांच्या घरात केबलवाल्याची वायर येते त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

आधी बघा, संदेश कोण देतंय

निम्मा गोंधळ इथेच होतो. पडद्यावर दोन वेगवेगळे संदेश येऊ शकतात. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर नुसतं "नो सिग्नल" असं टीव्हीच्याच अक्षरांत दिसत असेल आणि कंपनीचा लोगो, मेनू, काहीच दिसत नसेल, तर टीव्हीला सेट-टॉप बॉक्सकडून काहीच मिळत नाही. अशा वेळी छत्रीचा काही संबंध नाही. एचडीएमआयची वायर सैल आहे, रिमोटवर चुकून सोर्स बदललाय, किंवा बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर गेलाय. गच्चीवर जायची गरजच नाही.

बॉक्सचा मेनू उघडतोय, चॅनेलची पट्टी येतेय, पण चित्राच्या जागी कंपनीचा रंगीत संदेश आणि त्रुटीचा क्रमांक दिसतोय, तर मात्र बॉक्स ठीक आहे आणि त्याला वरून काही मिळत नाहीये. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. मध्येच एक तिसरा प्रकारही असतो: पॅक संपलेला. त्यात संदेश वेगळा असतो आणि बहुतेक वेळा एखाद-दोन फुकट चॅनेल चालू राहतात. रिचार्जची तारीख बघून घ्या, एवढंच.

एलएनबी म्हणजे काय

छत्रीच्या पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाला जो मुठीएवढा प्लास्टिकचा डबा असतो, तो एलएनबी. कुणी त्याला एलएमबी म्हणतं, कुणी नुसतंच "डोळा" म्हणतं. छत्री स्वतः काहीच करत नाही, ती निव्वळ पत्रा आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी गोळा करून या डब्याच्या तोंडावर टाकायच्या, इतकंच तिचं काम. ऐकतो तो एलएनबी.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथून घरापर्यंत येईतो लहर इतकी क्षीण झालेली असते की ती वाढवताना यंत्राची स्वतःची खरखरसुद्धा त्यात मिसळून चालत नाही. म्हणून एलएनबीचं पहिलं काम म्हणजे स्वतः कमीत कमी खरखर करत सिग्नल वाढवणं. दुसरं काम म्हणजे त्याची वारंवारता उतरवणं. वरून येणारी लहर ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, आणि ती आपल्या साध्या वायरीतून खाली आणायला गेलं तर वाटेतच संपेल. म्हणून एलएनबी ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणून वायरीत सोडतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं निदान तिच्यावर उभं आहे. एलएनबीला वीज लागते आणि ती त्याच वायरीतून बॉक्सकडून वर जाते. सिग्नल खाली येतो, वीज वर जाते, वायर एकच. ही वीज साधारण १३ किंवा १८ व्होल्टची असते. अनेक कंपन्यांचे उपग्रह काही चॅनेल उभ्या लहरींवर आणि काही आडव्या लहरींवर पाठवतात. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या लहरी ऐकतो, १८ दिले की आडव्या. तुम्ही चॅनेल बदलता तेव्हा बॉक्स हे व्होल्ट गरजेप्रमाणे बदलत असतो.

"काही चॅनेल छान दिसतात आणि काही मुळीच दिसत नाहीत, पॅकमध्ये तर सगळे आहेत" ही तक्रार वारंवार येते. तिचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. गंजलेल्या कनेक्टरमुळे किंवा दमलेल्या अ‍ॅडॉप्टरमुळे वरपर्यंत १८ व्होल्ट पोचतच नाहीत, एलएनबीला वाटतं १३ आलेत आणि तो आडव्या लहरींचे चॅनेल सोडून देतो. अशा वेळी छत्री कितीही फिरवली तरी उपयोग नाही. आधी त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. वीज वारंवार जाते-येते त्या गावांत अ‍ॅडॉप्टर फार लवकर दमतात.

पावसाची चूक किती

आमच्या लहानपणी गच्चीवर दूरदर्शनचा अँटेना असायचा. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं घराघरांत एकजण वर अँटेना फिरवायचा, दुसरा खालून ओरडायचा, "आलं, आलं, थोडं मागे घे!" सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की आणखी मुंग्या. पण चित्र दिसायचं. बिघडतंय हे महिनाभर आधी कळायचं.

डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल भरपूर असो की जेमतेम पुरेसा, चित्र दोन्ही वेळा सारखंच लख्ख दिसतं. जेमतेमच्या खाली गेला की सगळंच जातं. त्यामुळे तुमची छत्री जेमतेमवर चालली आहे हे मे महिन्यात टीव्ही बघून कळत नाही. पाऊस थोडासा वाटा खातो आणि चित्र कोसळतं. शेजाऱ्याच्या छत्रीकडे शिल्लक जास्त असते, म्हणून त्याच पावसात त्याचं चालू राहतं.

पाऊस सिग्नल खातो हे मात्र खरं. १२ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर असते. टपोरा थेंब काही मिलिमीटरचा, त्यामुळे तो या लहरी शोषतो आणि विखुरतो. रिमझिमीत जाणवत नाही, धो-धो पावसात चांगलंच जाणवतं. छत्री किती उंच बघते यावरही ते अवलंबून आहे. मुंबईहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह, म्हणजे टाटा प्लेचा, क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर दिसतो. फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा साधारण ५७-५८ अंश, आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा जेमतेम ४४ अंश. नजर जितकी तिरपी, तितकी ती पावसातून जास्त अंतर कापते.

आणखी एक. हे सगळे उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला दिसतात. पावसाचे थेंब पाच-एक किलोमीटर उंचीपर्यंत असतात असं धरलं, तर तुमच्या छत्रीची नजर आग्नेयेला दोन ते पाच किलोमीटर पुढपर्यंत पावसाच्या पट्ट्यातून जाते. म्हणून "आमच्याकडे थेंब नाही तरी डिश गेली" हे होऊ शकतं. कोकणात तर ही नजर सह्याद्रीच्या अंगाला वळलेली असते, आणि तिकडे काय कोसळत असतं ते सांगायला नको.

मग ओळखायचं कसं? पाऊस जोरात आला, चित्र गेलं, जोर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप आलं, आणि हे मोसमात मोजक्याच वेळा झालं, तर तो पाऊस. त्याला इलाज नाही, फोन करून उपयोग नाही. साध्या भुरभुरीत चित्र गेलं, पाऊस थांबून ऊन पडलं तरी दुपारपर्यंत आलं नाही, किंवा रात्रीच्या दवानंतर सकाळी गायब आणि अकरा वाजता हजर, असं होत असेल तर दोष तुमच्या वायरीत किंवा छत्रीत आहे.

कनेक्टर उघडून बघा

ऊन पडल्यावर कोरड्या गच्चीत जा. आधी खाली बॉक्सचा प्लग बोर्डातून काढा, कारण वायरीत वीज असते आणि मधली तार आवरणाखालच्या बारीक तारांच्या जाळीला टेकली तर बॉक्सला इजा होऊ शकते. मग एलएनबीच्या खालचा, आट्यांनी बसवलेला धातूचा कनेक्टर फिरवून काढा.

चांगला असेल तर आतून कोरडा असेल आणि मधोमध तांब्याची तार लालसर चकचकीत दिसेल. बिघडलेला एकदा पाहिला की विसरत नाही. तार हिरवट-काळी, आट्यांमध्ये पांढरी भुकटी, आणि वायर उलटी धरून हलकेच झटकली तर कधी एखादा थेंब गळतो. पाणी, दोन वेगळे धातू आणि वर चाललेली वीज असे तिघे एकत्र आले की गंज फार झपाट्याने चढतो. वायरीचं बाहेरचं काळं आवरण उन्हाने तडकलेलं असेल तर पाणी जाळीतून वातीसारखं चढत-उतरत वायरीत फूट-दोन फूट आत जातं.

मेकॅनिकने "छत्री हलवली आणि चित्र आलं" यामागचं कारणही बऱ्याचदा हेच. छत्री हलवताना वायर हलते, गंजलेला भाग घासला जातो, तात्पुरता संपर्क होतो. पंधरा दिवसांनी पुन्हा गंज चढतो.

उपाय साधा आहे. खराब झालेला तुकडा, स्वच्छ तांबं आणि कोरडी जाळी दिसेपर्यंत, कापून टाकायचा आणि नवा कनेक्टर बसवायचा. हाताने फिरवून बसवायचा स्वस्त कनेक्टर नको, हत्याराने दाबून बसवायचा घ्या. जाळीची एकही तार मधल्या तारेला टेकता कामा नये. मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. नुसती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, एका उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून ती सुटते. ताणल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. ती खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येईल आणि पाणी ओघळून जाईल. एम-सील लावणारे खूप आहेत. पाणी थांबतं खरं, पण पुढच्या वेळी कनेक्टर तोडावाच लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायरीला कनेक्टरच्या खाली एक झोळ द्या. वायर वरून सरळ कनेक्टरमध्ये उतरत असेल तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत जाणार. झोळ असेल तर ते खालच्या वळणावर थांबून टपकतं. खिडकीतून वायर घरात येते तिथेही हाच झोळ हवा, नाहीतर भिंत ओली होते आणि कधी पाणी बॉक्सपर्यंत पोचतं.

वाटेतले सांधेही बघा. गच्चीवरून चौथ्या मजल्यापर्यंत येताना वायर कमी पडली म्हणून मध्ये जोड दिलेला असतो, आणि तो नेमका पन्हळीखाली येतो. शक्य असेल तर अख्खी वायर एकसंध टाका.

छत्री सरकली आहे का

बॉक्सच्या मेनूत सेटिंग किंवा सिस्टीममध्ये सिग्नलचं पान असतं. त्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ बघून खूश होतात. खरी बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय, त्यात एलएनबीची स्वतःची खरखरही आली. क्वालिटी म्हणजे त्यातलं किती समजण्याजोगं आहे ते. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य, तर वीज वर जातेय, एलएनबी जिवंत आहे, पण छत्री भलतीकडे बघतेय. दोन्ही शून्य, तर वायर तुटली, कनेक्टर गेला किंवा एलएनबी गेला.

छत्री किती सरकली म्हणजे बिघडतं? ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा एक काठ पाऊण सेंटिमीटर पुढे-मागे झाला की नजर दीड अंशाने हलते आणि पोचणारी शक्ती निम्म्यावर येते. हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही. कोकणात वानरं छत्रीवर बसतात, शहरात कपड्यांची दोरी छत्रीच्याच पाइपाला बांधतात, आणि ओल्या चादरी वाळत घातल्या की पाइप वाकतो. दोरी आजच सोडा. पाइप हाताने हलतोय का बघा. भिंतीतले बोल्ट सैल असतील किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजले असतील, तर आधी ते बदलायला हवेत, मगच दिशा लावण्यात अर्थ आहे.

छत्री समोरच्या इमारतीकडे बघतेय असं वाटलं म्हणून ती वर उचलू नका. या छत्र्यांचा एलएनबी मुद्दाम खालच्या बाजूला ठेवलेला असतो, त्यामुळे पत्रा दिसतो त्यापेक्षा छत्रीची खरी नजर बरीच वर असते.

मग झाडं. शेवगा एका वर्षात किती वाढतो ते ज्यांच्या दारात आहे त्यांना माहीत आहे. कोरड्या पानांतून थोडा सिग्नल झिरपतो, ओल्या पानांतून जवळजवळ नाही. "गेल्या वर्षी काही त्रास नव्हता" म्हणणाऱ्यांनी आग्नेयेला मान वर करून एकदा बघावं.

एलएनबीच्या तोंडावरची पातळ प्लास्टिकची टोपीही तपासा. उन्हाने ती तडकते, आत पाणी शिरतं, कधी गांधीलमाशी घर करते. तडकली असेल तर एलएनबी बदला. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा उपाय सर्रास दिसतो. पण पिशवीवर पाण्याचा थर साचतो आणि तोच सिग्नल अडवतो, शिवाय आत दमटपणा कोंडतो. पिशवी काढून टाका. दुपारच्या रणरणत्या उन्हात चॅनेल जातात आणि रात्री नीट चालतात, असं होत असेल तरीही संशय एलएनबीवरच घ्या. जुना झालेला एलएनबी तापला की आपली वारंवारता सोडतो.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस रोज ठरावीक वेळी, दुपारी बाराच्या आधी किंवा सुमारास, काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. कशालाही हात लावू नका.

केबलवाल्यांच्या ग्राहकांना पाऊस कमी नडतो, कारण केबलचा मोठा तवा बहुतेक वेळा सी बँड नावाच्या लांब लहरींच्या पट्ट्यावर चालतो आणि त्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. त्यांचं चित्र गेलं की बहुधा वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेलेली असते.

हे करू नका

चित्र गेलेलं असताना फॅक्टरी रीसेट करू नका. चॅनेलची यादी पुसली जाते आणि नवी यादी शोधायला सिग्नलच नसतो, म्हणजे एका त्रासाचे दोन होतात. विजा चमकायला लागल्या की बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीकडून येणारी वायरही बॉक्समधून सोडवून ठेवा, दोन्ही. जूनच्या सुरुवातीच्या वळवात सगळ्यात जास्त बॉक्स जातात ते या वायरीतून. आणि ओल्या गच्चीवर, ओल्या पत्र्यावर, मालिका चुकतेय म्हणून कुणालाही चढवू नका. मुलांना तर मुळीच नाही.

मेकॅनिकला काय सांगायचं

आज ऊन असेल तर सिग्नलचं पान उघडा आणि क्वालिटीचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. प्रत्येक कंपनीच्या बॉक्सचं मोजमाप वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. स्वतःच्याच आकड्याशी करा, दर दोन-तीन महिन्यांनी. कोरड्या दिवशी तो घसरत चालला असेल तर पाऊस यायच्या आत मेकॅनिकला बोलवा. मे महिन्यात त्याच्याकडे वेळही असतो.

फोनवर "डिश चालत नाही" इतकंच सांगू नका. स्ट्रेंग्थ किती, क्वालिटी किती, त्रुटीचा क्रमांक कोणता, सगळे चॅनेल गेलेत की फक्त काही, पाऊस थांबल्यावर आपोआप येतं का, हे सांगा. मग तो येताना कनेक्टर, वायर आणि एलएनबी घेऊन येईल. आला की आधी कनेक्टर उघडून तुम्हाला दाखवायला सांगा, छत्रीला हात त्यानंतर. काम झाल्यावर तो निघायच्या आत पुन्हा सिग्नलचं पान उघडून नवा आकडा त्याच्यासमोर बघा आणि त्याचाही फोटो काढा. चित्र आलं म्हणून पैसे देऊ नका. क्वालिटी आधीच्या चांगल्या आकड्यापर्यंत पोचली का ते बघून द्या.